मोरचुदातलं तांबं

बेळगावात खडेबाजार दोन. एक गावातला, दुसरा शहापूरचा. आमचं दुकान शहापूरच्या खडेबाजारात, कापडाच्या आणि सराफीच्या दुकानांच्या रांगेपासून जरा आत. अरुंद आणि लांबोडकं. पुढे किराणा, मागे लाकडी खणांत तुरटी, मोरचूद, नवसागर, टाकणखार, गंधक, कळीचा चुना. सोनार टाकणखार न्यायला येत, कल्हईवाले नवसागर न्यायला. आणि पावसाळ्याच्या तोंडावर खानापूरकडचे, गोव्याकडचे सुपारीचे बागाईतदार मोरचूद न्यायला येत.

मी नववीत असताना अशाच एका बागाईतदारानं काट्यावरच्या निळ्या खड्यांकडे बघत विचारलं, "अण्णा, हे किलोभर नेतोय खरं, ह्यात तांबं किती असतंय?" अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "शाळेत शिकतीस की गं. सांग त्यांना."

मी पाटीवर मांडलं आणि चारशे ग्रॅम सांगितलं. दुसऱ्या दिवशी शाळेत सरांना वही दाखवली तेव्हा कळलं की उत्तर चारशे नाही, जेमतेम अडीचशे. तोवर तो माणूस गावी पोचलाही होता. अण्णांना खरं उत्तर सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "बरं, पाव किलो तांबं. मग उरलेलं पाऊण किलो काय असतंय?"

पुढे चौतीस वर्षं मी मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवलं. संयुगातल्या मूलद्रव्याचं वस्तुमान काढणं हा पाठ दर वर्षी आला, आणि दर वर्षी मी तो अण्णांच्या त्या प्रश्नापासूनच सुरू केला. त्या पाठानं मला जे शिकवलं ते असं.

१. पाटी हातात घेण्याआधी पदार्थ नेमका कोणता ते ठरवा.

माझी चूक पाण्यात होती. कॉपर सल्फेट म्हणजे तांब्याचा एक अणू, गंधकाचा एक आणि ऑक्सिजनचे चार, एवढंच मला पाठ. तांबं ६३.५, गंधक ३२, ऑक्सिजन सोळा चोक चौसष्ट. बेरीज १५९.५. त्यात तांबं ६३.५, म्हणजे शंभरात चाळीसच्या आसपास. हिशेब बरोबर होता, पण तो वेगळ्याच पदार्थाचा होता. खणातलं मोरचूद निळं असतं, कारण त्याच्या स्फटिकात कॉपर सल्फेटच्या प्रत्येक एककासोबत पाण्याचे पाच रेणू बसलेले असतात. पाच गुणिले अठरा, नव्वद. एकूण झाले २४९.५. तांबं तेवढंच, ६३.५. शंभरात आता साडेपंचवीसच आलं.

शाळेत हे मी फळ्यावर कधी सांगितलं नाही, परीक्षानळीत दाखवलं. दहा ग्रॅम मोरचूद बारीक करून परीक्षानळीत घालायचं आणि मंद आचेवर धरायचं. नळीच्या तोंडाशी पाण्याचे थेंब दिसू लागतात, निळाई उतरत जाते आणि शेवटी पांढरी पूड राहते. गार झाल्यावर वजन करा, ६.४ ग्रॅम. साडेतीन ग्रॅमच्या वर पाणी त्या कोरड्या दिसणाऱ्या खड्यांत दडलेलं होतं. मग त्या पुडीवर पाण्याचे दोन थेंब टाकायचे. निळा रंग धावत परत येतो आणि नळी हाताला गरम लागते. मुलं त्या क्षणी ओरडतात. मग मी विचारायची, "तांबं किती होतं? किती राहिलं?" आधीही अडीच ग्रॅम, नंतरही अडीच ग्रॅम. शंभरातलं त्याचं प्रमाण मात्र बदललं, कारण ज्याचे शंभर मोजतोय ते बदललं.

तुरटीचं तर आणखी नवल. तव्यावर तुरटीची लाही करताना ती फसफसून फुलते, ते पाणीच उडत असतं. पोटॅशियमचा एक अणू, अ‍ॅल्युमिनियमचा एक, सल्फेटचे दोन गट आणि पाण्याचे तब्बल बारा रेणू. एकूण ४७४. त्यात पाणी २१६, अ‍ॅल्युमिनियम फक्त २७. म्हणजे किलोभर तुरटीत धातू सत्तावन्न ग्रॅम आणि पाणी साडेचारशे ग्रॅमच्या वर. अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ खणाकडे बघत राहिले. चाळीस वर्षं तुरटी विकलेला माणूस तो.

२. रीत एकच, आणि ती आपल्या घरचीच आहे.

पुस्तकात सूत्र असतं आणि मुलं ते पाठ करतात. अंश कुठला, छेद कुठला, हे परीक्षेच्या दिवशी उलटं होतं. मी सूत्र बाजूला ठेवून त्रैराशिक मांडायला लावायची. भास्कराचार्यांच्या लीलावतीत आहे तेच त्रैराशिक, वाण्याच्या दुकानात रोज चालतं तेच. इतक्यात इतकं, तर तितक्यात किती?

२४९.५ मध्ये तांबं ६३.५, तर १००० ग्रॅममध्ये किती? ६३.५ ला १००० नं गुणा, २४९.५ नं भागा. २५४.५ ग्रॅम. झालं. सुपारीवर किंवा द्राक्षावर मारायचं एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण करताना किलोभर मोरचूद, किलोभर चुना आणि शंभर लिटर पाणी घेतात. म्हणजे लिटरमागे अडीच ग्रॅम तांबं. त्या बागाईतदाराला खरं तर हे हवं होतं. त्याला रसायनशास्त्र नको होतं, पानावर काय पडतंय ते हवं होतं.

अण्णांची शाळा चौथीपर्यंत. पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे त्यांना तोंडपाठ. त्यामुळे मोरचुदाचं तांबं त्यांनी एका दमात लक्षात ठेवलं: पावकीनं घ्यायचं आणि वर चिमूटभर. चुनखडकातलं कॅल्शियम शंभरात चाळीस, म्हणजे पाचात दोन. युरियातला नायट्रोजन निमकीला जरा कमी. अचूक आकडा वहीत असावा, पण अंदाज जिभेवर असावा. कारण गणकयंत्राचं एक बटण चुकीचं दाबलं गेलं आणि किलोभर मोरचुदात अडीच किलो तांबं आलं, तर हा अंदाजच आपल्याला थांबवतो. असे पेपर मी तपासले आहेत.

३. कंसाबाहेरचा छोटा आकडा कंसातल्या सगळ्यांचा असतो.

हे लहान आहे, पण सर्वांत जास्त गुण इथेच जातात. अमोनियम सल्फेटमध्ये अमोनियमचा गट कंसात आणि बाहेर दोन. मुलं हायड्रोजन दुप्पट करतात आणि नायट्रोजन एकच धरतात. मग चौदा भागिले काहीतरी, आणि उत्तर बाराच्या आसपास. खरं म्हणजे नायट्रोजन दोन, अठ्ठावीस. एकूण १३२. शंभरात एकवीस.

सूत्रच चुकलं तर पुढचं सगळंच चुकतं, आणि त्यात मोठी माणसंही अडकली आहेत. डाल्टननं पाण्यात हायड्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक अणू धरला. त्यामुळे ऑक्सिजनचा अणुभार निम्म्यावर आला आणि तो घोळ पुढे कित्येक वर्षं पुरला. १८६० साली कार्ल्सरूहच्या परिषदेत कॅनिझारोनं आव्होगाड्रोच्या कल्पनेचा आधार घेऊन अणुभारांचा गुंता सोडवून दाखवला. मुलांना मी हे सांगायची ते डाल्टनला कमी लेखायला नव्हे. तोलून मिळालेलं प्रमाण खरं असलं तरी अणू किती हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही, हे त्यांना दिसावं म्हणून.

४. सोन्याचा हिशेब वेगळा, मोरचुदाचा वेगळा.

शहापुरात सराफ गल्ली जवळ, त्यामुळे वर्गात सोनारांची मुलं नेहमीच असत. एकानं विचारलं, "बाई, बावीस कॅरटात सोनं चोवीसात बावीस. मग हेही संयुगच की?" प्रश्न इतका चांगला होता की पुढचे दोन तास मी त्यावरच घालवले.

बावीस कॅरटच्या एका तोळ्यात, म्हणजे ११.६६ ग्रॅममध्ये, सोनं १०.६९ ग्रॅम. जुन्या वजनांत तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा. तोळ्यातल्या शहाण्णव गुंजांपैकी अठ्ठ्याऐंशी गुंजा सोनं. हिशेब दिसायला मोरचुदासारखाच. पण इथलं प्रमाण सोनार ठरवतो. त्याला वाटलं तर अठरा करील, वाटलं तर वीस. तांबं, चांदी किती मिसळायची हा त्याच्या हातचा भाग. ते मिश्रधातू.

मोरचुदात तांबं किती असावं हे कुणाच्या हातात नाही. ते बेळगावात घ्या, सांगलीत घ्या, कुठल्याही कारखान्यातलं घ्या. शुद्ध असेल तर शंभरात साडेपंचवीसच. फ्रान्सचा रसायनतज्ज्ञ प्रूस्त स्पेनमध्ये काम करत होता. अठराव्या शतकाच्या शेवटी त्यानं कॉपर कार्बोनेट तपासून हेच दाखवलं. खाणीतलं असो की प्रयोगशाळेत केलेलं, घटकांचं प्रमाण तेच. आपण सूत्रावरून वजन काढू शकतो ते केवळ यामुळे. सोनाराला कसोटीचा दगड लागतो, कारण प्रमाण आधी माहीत नसतं. संयुगाचं नाव कळलं की प्रमाण कळलंच.

त्याचा दुसरा अर्थही त्याच मुलानं काढला: तपासणीत मोरचुदातलं तांबं वीसच निघालं, तर ते निव्वळ मोरचूद नाही, त्यात दुसरं काहीतरी मिसळलंय. हे मी शिकवलं नव्हतं.

५. रूप बदललं म्हणून मूलद्रव्य कुठे जात नाही.

अण्णांच्या खणांतला मला सर्वांत आवडणारा पदार्थ चुना. बागलकोट-लोकापूर भागात चुनखडकाचे थर आहेत, कोकण-गोव्यात शिंपले भाजून चुना करत. दोन्ही मुळात कॅल्शियम कार्बोनेट. कॅल्शियम ४०, कार्बन १२, ऑक्सिजनचे तीन म्हणजे ४८. बरोब्बर शंभर. देवानं शिक्षकांसाठीच हा पदार्थ केलाय असं मला वाटतं.

शंभर किलो चुनखडक भट्टीत टाका. चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड धुराड्यातून निघून जातो, हाती छप्पन किलो कळीचा चुना येतो. त्यावर पाणी घाला. चुना फुसफुसतो, तापतो, फुटतो आणि अठरा किलो पाणी पोटात घेऊन चौऱ्याहत्तर किलो विरलेला चुना होतो. तो भिंतीला लावा. दिवस जातील तसा तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेईल, पाणी सोडील आणि परत शंभर किलो कॅल्शियम कार्बोनेट होईल.

आता कॅल्शियम बघा. खडकात चाळीस किलो. कळीच्या चुन्यात चाळीस किलो. विरलेल्यात चाळीस. भिंतीवर चाळीस. शंभरातलं प्रमाण मात्र चाळीस, मग साडेएकाहत्तरच्या आसपास, मग चोपन्न, मग पुन्हा चाळीस.

मी मुलांना चार रकाने आखून हे भरायला लावायची आणि शेवटच्या ओळीत कॅल्शियम लिहायला सांगायची. चाळीस, चाळीस, चाळीस, चाळीस. ती ओळ भरताना वर्ग शांत व्हायचा. एक मुलगी म्हणाली होती, "बाई, हे सगळं करून ते आपलं जिथल्या तिथंच की." तिच्या वडिलांची चुन्याची भट्टी होती. धुराड्यातून काय जातं आणि काय जात नाही हे तिला कळलं तेव्हा ती घरी जाऊन वडिलांना समजावून आली. वडील दुसऱ्या दिवशी शाळेत आले, भांडायला नव्हे, भट्टीत नेमकं किती वजन घटायला हवं ते विचारायला. शंभराला चव्वेचाळीस, मी सांगितलं. त्यांच्या भट्टीत तेवढं घटत नव्हतं. म्हणजे मधले दगड कच्चे राहत होते, किंवा दगडात वाळू-माती होती. त्यांनी विस्तव वाढवून बघितला. पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, पण दिवाळीला चुन्याचा डबा घरी आला.

६. पोत्यावरचा आकडा कशाचा आहे ते विचारा.

निवृत्तीनंतर मी निपाणीजवळ बहिणीकडे राहायला गेले. तिथे ऊस आणि तंबाखू. १९८१ साली ज्या निपाणीत तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला, तिथल्या लोकांना वजनाचं आणि दराचं भान कुणी शिकवावं लागत नाही. पण खताच्या पोत्यावरचे आकडे त्यांनाही चकवतात, कारण ते आकडे सरळ नाहीत.

युरिया सरळ आहे. त्याच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू, अठ्ठावीस, एकूण साठ. शंभरात ४६.७, पोत्यावर ४६. पूर्वी पोतं पन्नास किलोचं होतं, २०१८ पासून पंचेचाळीसचं आलं. पूर्वी पोत्यात तेवीस किलो नायट्रोजन, आता २०.७. आणि तरी लोक अजून "एकरी तीन पोती" याच भाषेत बोलतात. तीन पोत्यांत सात किलोचा फरक पडतो. बहिणीच्या शेजाऱ्यांना मी हे ओसरीवर बसून काढून दाखवलं तेव्हा त्यांनी कृषी खात्याचं जुनं पत्रक आणलं. त्यातही किलो दिलेले होते, पोती नव्हती. पोती आपण केली होती.

डीएपीची, म्हणजे डायअमोनियम फॉस्फेटची, गोष्ट वेगळी. पोत्यावर १८-४६-०. सगळे धरून चालतात की फॉस्फरस शेकडा ४६. तसं नाही. ते ४६ म्हणजे फॉस्फरस पेंटॉक्साइड, फॉस्फरसचे दोन अणू आणि ऑक्सिजनचे पाच. ६२ अधिक ८०, १४२. त्यात फॉस्फरस ६२. म्हणजे पन्नास किलोच्या पोत्यात पेंटॉक्साइडच्या हिशेबानं तेवीस किलो, आणि खरा फॉस्फरस दहा किलो. गंमत म्हणजे पोत्यात फॉस्फरस पेंटॉक्साइड नावाची वस्तू मुळीच नसते. जुन्या काळी रसायनतज्ज्ञ नमुना जाळून, ऑक्साइडच्या रूपात तोलून प्रमाण सांगत, ती पद्धत जगभर चिकटली. पोटॅशचंही तेच. त्यामुळे एका पुस्तकात "फॉस्फरस" आणि दुसऱ्यात "स्फुरद" असे आकडे दिसले, तर आधी बघायचं की कोणता कोणत्या रूपात आहे. दोन्ही शेजारी ठेवून तुलना केली की सव्वादोनपटीचा घोटाळा होतो.

जस्ताच्या बाबतीत तर एका ओळखीच्या कुटुंबाचं नुकसान होता होता राहिलं. उसाला एकरी दहा किलो झिंक सल्फेट असं त्यांना सांगितलेलं. ते सांगणं सात पाण्याच्या झिंक सल्फेटचं, ज्यात जस्त शेकडा २१. दुकानातून आलं ते एका पाण्याचं, शेकडा ३३. नाव एकच, रंग एकच, पिशवी वेगळी. दहा किलो पहिल्यातून जस्त २.१ किलो मिळतं. तेवढंच जस्त दुसऱ्यातून हवं असेल तर साडेसहा किलोही लागत नाही. किलोचा दर बघून दुसरं महाग वाटतं. दर जस्ताच्या किलोवर काढा, मग बघा कोणतं महाग. त्यांच्या मुलानं मोबाईलवर तो हिशेब काढला आणि पुढच्या वेळी दुकानदाराला पिशवी उलटी करून मागचा मजकूर वाचायला लावला.

आणि तंबाखू. तंबाखूला क्लोराइड मानवत नाही, पानाचं जळणं बिघडतं. म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. पोत्यावर ६० लिहिलेलं असतं, ते पोटॅशियमच्या ऑक्साइडचं. पन्नास किलोच्या पोत्यात पोटॅशियम पंचवीस किलोच्या घरात. मग अण्णांचा प्रश्न: उरलेलं काय? उरलेल्यात साडेबावीस किलोच्या आसपास क्लोराइड. पोटॅशियमच्या पाठोपाठ जवळजवळ तितकंच. पोत्यावर ते कुठेच ठळक दिसत नाही, कारण पोत्यावर विकलेली वस्तू लिहिलेली असते, सोबत आलेली नव्हे. म्हणून तंबाखूला सल्फेट ऑफ पोटॅश सांगतात. त्यात पोटॅशियमच्या जोडीला सल्फेट येतं आणि गंधकाची गरजही थोडी भागते. 'उरलेलं काय?' एवढा एक प्रश्न विचारण्याची सवय लागली तर मुलाला रसायनशास्त्र आलं असं मी मानते.

७. साडेपस्तीसला घाबरू नका.

क्लोरीनचा अणुभार ३५.५ सांगितला की एखादं मूल विचारतंच: अर्धा अणू कसा असेल? अर्धा नसतो. क्लोरीनचे अणू दोन वजनांचे, ३५ आणि ३७. निसर्गात साधारण तीनास एक या प्रमाणात मिसळलेले. त्यांची सरासरी साडेपस्तीस. तांब्याचं ६३.५ही तसंच, ६३ आणि ६५ यांच्या मिश्रणाचं. वर्गात मी तीन छोटे आणि एक मोठा शेंगदाणा हातावर ठेवायची, तेवढ्यावर भागायचं.

८. उलटा हिशेबही यायला हवा.

बेळगावहून उत्तरेकडे निघालं की यमनापूरला अ‍ॅल्युमिनाचा कारखाना लागतो. आधी इंडालचा, आता हिंडाल्कोचा. त्यासाठी कोल्हापूर जिल्ह्याच्या डोंगरांतून बॉक्साइट येतं. ते लाल मातीचे ट्रक बघत आमच्याकडची मुलं मोठी होतात, म्हणून हा प्रश्न मी दर वर्षी घालायची: एक टन अ‍ॅल्युमिनियम हवं असेल तर अ‍ॅल्युमिना किती हवं? अ‍ॅल्युमिनात धातूचे दोन अणू, ५४. ऑक्सिजनचे तीन, ४८. एकूण १०२. मुलं सवयीनं ५४ भागिले १०२ करून अर्ध्या टनाच्या वर उत्तर देतात. मी विचारायची, "टनभर तेल हवं असेल तर शेंगा टनाहून कमी लागतील?" मग लगेच १०२ वर जातं, ५४ खाली, आणि १.८९ टन येतं.

९. मराठीत शिकलेला हिशेब इंग्रजीत हरवू देऊ नका.

आमच्या भागात दहावीपर्यंत मराठी, आणि पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, विज्ञान इंग्रजीतून. अणुवस्तुमान एका उन्हाळ्यात अ‍ॅटॉमिक मास होतं. माझ्या काळच्या पुस्तकांत तर ते अणुभार होतं. ज्या मुली माझ्याकडे भराभर त्रैराशिक मांडायच्या त्या जूनमध्ये रडत घरी आल्या आहेत, की कॉलेजात काही कळत नाही. मी त्यांना तेच मोरचूद द्यायची. खडेबाजारात मराठी माणूस मोरचूद मागतो, कानडी माणूस मैलुतुत्त, हिंदी बोलणारा नीला थोथा. कॉलेजात ते कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट. चारही नावांनी मागा, काट्यावर तेच निळे खडे आणि त्यात तेवढंच तांबं. पुस्तकातलं गणित आधी मराठीत सोडवायचं, मग इंग्रजीत उतरवायचं. दोन महिन्यांत जमतं. ज्या मुलींनी धीर धरला त्यांच्यातल्या काही आज औषधनिर्माणशास्त्र शिकवतात. ज्यांना घरच्यांनी त्याच जूनमध्ये कला शाखेत घातलं त्यांची मला अजून हळहळ वाटते. त्यांचं गणित कच्चं नव्हतं.

१०. गोळीच्या पाकिटावरही हाच पाठ असतो.

स्वयंपाकघरातल्या मिठापासून सुरुवात करा. सोडियम २३, क्लोरीन ३५.५. शंभरात सोडियम ३९. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला दोन ग्रॅमपेक्षा कमी सोडियम सांगते, म्हणजे पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ. पाकिटबंद खाऊवर सोडियम लिहिलेलं असतं, मीठ नव्हे. तो आकडा अडीचनं गुणला की मीठ कळतं. रक्तदाबाच्या माणसाच्या घरात हे एवढं तरी कुणाला तरी येत असावं.

लोहाच्या गोळ्यांचंही तसंच. फेरस फ्युमरेटमध्ये लोह शंभरात तेहेतीसच्या जवळ, सात पाण्याच्या फेरस सल्फेटमध्ये वीस. गोळीवरचे मिलिग्रॅम संयुगाचे आहेत की लोहाचे, हे बघूनच दोन गोळ्यांची तुलना करायची. आणि डोस आपण ठरवायचा नाही, डॉक्टरांना विचारायचा. मला स्वतःला एकदा एका दवाखान्यात संयुगाचा आकडा लोहाचा म्हणून सांगितला गेला होता. मी पाकीट दाखवलं, तिथल्या नर्सबाईंनी शांतपणे वाचलं आणि नोंद दुरुस्त केली.

अण्णा शेवटची काही वर्षं माझ्याकडे होते. दुकान कधीच बंद झालेलं. हाडं ठिसूळ झाली म्हणून डॉक्टरांनी कॅल्शियमची गोळी दिली. अण्णांना चष्म्यानंही बारीक अक्षर दिसत नव्हतं, म्हणून मी पाकीट वाचून दाखवलं: कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम, त्यात कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम.

"पाचात दोन," ते लगेच म्हणाले. मग थोडं थांबून, "आणि उरलेलं काय?"

"कार्बन दीडशे, ऑक्सिजन सहाशे," मी म्हटलं.

त्यांनी गोळी तळहातावर घेतली, बोटानं जरा फिरवली. "म्हणजे आपला चुनखडकच की गं," असं म्हणून त्यांनी पाणी मागितलं.